लहान मुलांना घेऊन जीवाश्म शोधताना : तुमचे अनुभव

ब्रिस्टलकर :
लेक पाच वर्षांची. डायनासोरच्या पुस्तकांवरून गाडी 'खरा सापडेल का?' यावर आली आणि आम्ही इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, चारमथला जायला लागलो. आता थंडी असो, वारा असो, सुट्टी म्हटली की ती बादली घेऊन दारात उभी. इतक्या लहान मुलांसोबत तुम्ही कुठे जीवाश्म शोधलेत, काय सापडलं, मूल कितपत रमलं, ते जरूर लिहा. भारतातले अनुभव तर हवेच आहेत. आधी मी लिहिते.

चारमथच्या शेजारचं लाइम रीजिस म्हणजे जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगचं गाव. १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉरची, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची, कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. ही गोष्ट लेकीला गाडीत दर वेळी पहिल्यापासून ऐकायची असते.

तिथले कडे मऊ, सतत ढासळणारे. म्हणून कड्यापासून लांबच राहायचं आणि ओहोटी लागली की उतरत्या पाण्यामागून चालायचं. लहानांना हातोडीची मुळीच गरज नाही. हिवाळ्यातल्या वादळांनी कड्यातून धुऊन आणलेलं सगळं खड्यांमध्ये सुटंच पडलेलं असतं. लेक उकिडवी बसते, ओंजळभर खडे ओल्या वाळूवर पसरते आणि बोटाने एकेक बाजूला सारते. आधी मिळतात ते बेलेमनाइट, माकुळासारख्या जुन्या समुद्री प्राण्यांचे कठीण भाग, पेन्सिलच्या टोकासारखे निमुळते. मग कधीतरी पायराइट या सोनेरी लोहखनिजाचा झालेला अमोनाइट, वेटोळ्या शंखाचा जुना समुद्री प्राणी : नखाएवढा, सोनेरी, वेटोळ्यांवरच्या कंगोऱ्यांसकट. वय १९ कोटी वर्षांच्या आसपास! माझी नजर मोठ्या दगडांवर फिरत राहते, तिची थेट खड्यांवर, त्यामुळे असे सगळे अमोनाइट तिनेच शोधलेत. काय सापडलं ते कळलं नाही तर तिथल्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये दाखवा, मुलांशी फार आस्थेने बोलतात. पायराइटचा दमट हवेत भुगा होतो, तेव्हा घरी आणल्यावर धुऊन खडखडीत वाळवा आणि बंद डबीत ठेवा.

ओहायोतला बाबा :
आमच्याकडे सीझर क्रीक. धरणाच्या सांडव्यावर चुनखडी आणि शेलचे (चिखलाच्या पातळ पापुद्र्यांच्या खडकाचे) थर उघडे पडलेत, साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातले. व्हिजिटर सेंटरमधून मोफत परवाना घ्यायचा. अवजारं न्यायला बंदी, दगडावर दगड आपटून फोडायलाही बंदी, आणि तळहाताहून मोठं काही घरी न्यायचं नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी याहून सोयीचे नियम कुठले असणार! "बाबा, तळहात तुझा धरायचा की माझा?" यावर आमची बरीच चर्चा झाली. तुझाच, असं ठरलं, आणि तेव्हापासून तो प्रत्येक दगड स्वतःच्या पंज्यावर ठेवून मोजतो. ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखे प्राणी, तर पावलोपावली, फांद्यांच्या आकाराच्या वसाहती करणारे चिमुकले ब्रायोझोआही भरपूर. अख्खा ट्रायलोबाइट, खेकड्या-किड्यांच्या दूरच्या नात्यातला जुना समुद्री प्राणी, दुर्मीळ. तुकडे मात्र मिळतात आणि त्याला तेवढे पुरतात. सावली अजिबात नाही. टोपी आणि पाणी विसरू नका.

पुण्याची आई :
वाचून हेवा वाटला. मुलगा चार वर्षांचा आहे, सिंहगडावर प्रत्येक दगड उलटा करून बघतो. आपल्याकडे काही मिळतं का हो?

आजोबा, वरोरा :
ताई, सह्याद्री म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात किल्ल्यावर जीवाश्म मिळायची आशा नको. दगडाच्या पोकळीत चमकतात ते झिओलाइटसारख्या खनिजांचे स्फटिक. तेही मुलाला जरूर दाखवा, पण ते कधी जिवंत नव्हते हे सांगून. जीवाश्मांसाठी विदर्भात या. वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे लाव्ह्याच्या खालचे, लॅमेटा नावाचे थर उघडे पडलेत आणि त्यातून डायनासोरची हाडं मिळाली आहेत. पण पोरांना त्याहून प्रिय ते डायनासोरचं दगड झालेलं शेण!

सात वर्षांच्या नातीला घेऊन गेलो. शेतकऱ्याला विचारूनच वावरात शिरलो. मी एक गोटा हातात दिला आणि ओळख म्हटलं. तिने वजन पाहिलं, बोट फिरवलं, वास घेतला. शेण आहे सांगितल्यावर आधी टाकला, मग हसत हसत परत उचलला, आणि पुढे संध्याकाळपर्यंत ती शेणच शोधत होती. "आजोबा, हा काय खात होता?" याचं उत्तर याच गावच्या शेणाने दिलंय. त्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत उगवत होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं. पोरीला हे सांगताना माझाच ऊर भरून आला, आपल्या मातीतली गोष्ट आहे ही. घरी काही आणलं नाही. फोटो काढले आणि गोटे होते तिथेच ठेवले. संशोधनासाठी वस्तू कुठे पडली होती हे फार मोलाचं असतं, हे तिला पटकन समजलं. सवड असेल तर सिरोंचा तालुक्यातलं वडधमचं जीवाश्म उद्यानही पाहा, तिथे दगड झालेली झाडांची खोडं आहेत.

बडोदेकर :
आम्ही गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीला गेलो होतो. राजासॉरस या मांसाहारी डायनासोरची हाडं याच भागातली, त्याचं नामकरण २००३ मधलं. संग्रहालय २०१९ मध्ये झालं, पण चार वर्षांच्या लेकाला बाहेरच्या खडकातली अंडी जास्त आवडली. नुसती गोल कडा दिसते, बाकीचं अंडं दगडातच. गाइडने दाखवेपर्यंत आम्ही तिथूनच चाललो होतो. एक तरी घरी न्यायचं म्हणून तो रडला. मग घरी येऊन कणकेचा गोळा थापला, त्यात शिंपला दाबून उचलला आणि ठसा कसा उरतो ते करून दाखवलं. आता रोज पोळ्यांच्या वेळी मागणी असते.

म्युनिकवाली :
थोडं मोठं मूल असेल तर जर्मनीतल्या आइशटेटजवळ ब्लुमेनबर्गची हौशी लोकांसाठीची खाण. छिन्नी-हातोडी भाड्याने मिळते, चष्मा घालायचा आणि चुनखडीच्या पातळ फरशा सुट्या करत बसायचं. या भागातल्या अशाच थरांत १८६१ मध्ये आर्किऑप्टेरिक्स, पिसांचा पक्ष्यासारखा जुना प्राणी, मिळाला. आम्हाला नेचाच्या नाजूक पानांसारखी नक्षी मिळाली आणि मुलं नाचायला लागली. ती मँगनीज-लोहाच्या खनिजांची नक्षी असते, झाड नव्हे. मी खरं सांगितलं. लेक म्हणाली, "मग दगडाने स्वतःच काढलं?" आणि ती फरशी तिने कुणालाच दिली नाही. त्याच दुपारी खरा सॅकोकोमाही मिळाला, समुद्रलिलीच्या कुळातला चिमुकला प्राणी, पण तिच्या लेखी त्याचा नंबर दुसरा.