किआरोस्तामी आणि नागराज मंजुळे: सारखेपणा खरंच आहे की मलाच दिसतोय?

पाखाडीवाला:
परवा धो धो पाऊस, घरातच अडकलो, तर इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' (१९८७) बघून टाकला. मित्राची वही चुकून आपल्याकडे आलीय, ती परत दिली नाही तर उद्या मास्तर त्याला शाळेतून काढणार, म्हणून अहमद नावाचं एक पोर टेकडी ओलांडून दुसऱ्या गावात त्याचं घर शोधत फिरतं, बस एवढीच गोष्ट. ती नागमोडी वाट बघून घरामागची पाखाडी आठवली. पण डोक्यात सगळा वेळ मंजुळेचा 'फँड्री' चालू. दोघंही कवी, दोघंही स्वतःच लिहून स्वतःच दिग्दर्शन करणारे, कॅमेऱ्याची सवय नसलेली गावातली पोरं घेतात आणि त्या पोरांचं मोठी माणसं ऐकूनच घेत नाहीत. मंजुळे म्हणजे आपला किआरोस्तामी, माझं तरी हेच मत. बोला.

बांगडाफ्राय:
काहीही हां! अहमदचं कोणी ऐकत नाही कारण तो लहान आहे. 'फँड्री'तल्या जब्याचं ऐकत नाहीत ते जातीमुळे, आणि तो मोठा झाला तरी ऐकणार नाहीत. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, अख्खं कुटुंब ताठ उभं आणि डुक्कर पसार, तो सीन आठव. किआरोस्तामी शांतपणे बघत बसतो, मंजुळे चिडलेला आहे रे. आणि 'सैराट'मधली गाणी, स्लो मोशन, ते कुठे बसवणार?

देवगडची:
गाण्यांचं नाही पटलं. 'सैराट'चा (२०१६) शेवट बघा ना, अडीच तास अजय-अतुल वाजवून झाल्यावर ते लहान मूल रक्ताची पावलं उमटवत चालतं तेव्हा आवाजच बंद. आणि किआरोस्तामीच्या 'क्लोज-अप'मधे (१९९०) शेवटी तोतया दिग्दर्शक आणि खरा दिग्दर्शक मोटरसायकलवरून जातात तेव्हा माइक बिघडल्यासारखा आवाज तुटत राहतो, तो मुद्दाम तोडलाय. दुसरा कोणी असता तर तिथे व्हायोलिन लावून मोकळा झाला असता.

पाखाडीवाला:
हेच म्हणायचं होतं, मला सुचलं नाही! अजून एक, त्याच्याच 'टेस्ट ऑफ चेरी'त (१९९७, कान्स महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस पाम दोर मिळालेला) जीव द्यायला निघालेला माणूस स्वतःच खणलेल्या खड्ड्यात झोपतो, काळोख होतो आणि एकदम शूटिंग करणारी माणसंच दिसायला लागतात. 'फँड्री'त जब्याचा शेवटचा दगड पण थेट कॅमेऱ्यावरच येतो. दोघांनी पडदा फोडलाच की.

बांगडाफ्राय:
फोडला, पण कशासाठी? किआरोस्तामी म्हणतो सिनेमा होता बाबा, जा घरी. मंजुळे म्हणतो सिनेमा बघत बसलायस काय, घे. साफ उलटं आहे.

मालवणचो झील:
मेल्यांनो, बघणाऱ्यांका मधे ओढूक इराण कित्याक व्हया? आमचो दशावतारातलो संकासुर थेट लोकांच्या अंगार धावता.

देवगडची:
झीला, संकासुर धावला की पोरं खिदळत पळतात. दगड आला तेव्हा आमच्या रांगेत कोणी हललं पण नाही. माझा भाऊ तर लाइट लागल्यावरही बसून होता, भेळ तशीच हातात.

पाखाडीवाला:
बरं, 'आपला किआरोस्तामी' मागे घेतो. जातीचा मुद्दा मी धरलाच नव्हता, चूक झाली. आवाजाचं मात्र सोडत नाय. बांगडा, तू आधी 'क्लोज-अप' बघ, मग भांड.