लॉकरमधलं वैद्यकीय इच्छापत्र ऐनवेळी कसं मिळणार?

वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) म्हणजे आपण बोलण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्याची मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, असं एकांनी सुचवलंय. मला हे मुळीच पटत नाही. माणूस मध्यरात्री आयसीयूत जातो, बँक उघडते सकाळी, आणि लॉकर ज्याच्या सहीने उघडायचा तोच बेशुद्ध! मूळ प्रत घरातच, चटकन सापडेल अशी ठेवा. तुमच्या वतीने ज्याने निर्णय घ्यायचे त्याच्याकडे एक प्रत हवीच, शिवाय त्याच्या फोनमध्ये पीडीएफ.

डॉक्टरांच्या हातात नुसती झेरॉक्स देऊन येऊ नका. ती स्कॅन करून तुमच्या नोंदीत चढवली का, हे तिथेच विचारून घ्या. एका हॉस्पिटलमधली नोंद दुसऱ्याला दिसेलच असं नाही, म्हणून दाखल होताना दरवेळी पुन्हा द्यायची. पाकिटात एक चिठ्ठी असू द्या: 'माझं वैद्यकीय इच्छापत्र केलेलं आहे, अमक्यांना फोन करा', खाली नंबर.

मजकूर बदललात तर मात्र जुन्या प्रती मागवून फाडून टाका. दोन तारखांचे दोन कागद निघाले की नातेवाइकांची तिथेच जुंपते. कुणाकुणाला प्रत दिली त्याची यादी मूळ प्रतीलाच टाचून ठेवलेली बरी.