तिबेटी गालिचा घ्यायचाय, गोठणगावला मिळेल का?

ऑरेंजसिटी_पोट्टा: थंडीत नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात नं, तिथल्या एका मावशींकडून कळलं की त्यांच्या गोठणगावच्या कॅम्पात गालिचे पण विणतात. आईला देवघरासमोर बसायले एक घ्यायचाय. कोणी जाऊन आलंय का? अन हातचा कसा ओळखायचा, मले तर सगळे सारखेच दिसतात

झाडीपट्टी_७२: आमच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे भाऊ, साकोलीवरून नवेगावबांध अन मग पुढं इटियाडोह धरणाकडे. वसाहतीचं नाव नोर्ग्येलिंग, १९७२ ची, तेव्हा हे सगळं भंडारा जिल्ह्यातच होतं. धानाची शेती आहे पण घर चालते ते स्वेटरवर, अन तो माल काही ते विणत नाहीत, लुधियानाहून होलसेलमध्ये येते. म्हणून दिवाळीनंतर जाऊ नको, अर्धा कॅम्प बाहेरगावी दुकान लावून बसलेला राहते, मागावर कोण भेटन? उन्हाळ्यात जा, अन आधी विचारून जा.

लोकरवेडी: उलटा करून बघा. मागं कापड चिकटवलेलं असेल तर सोडून द्या. हातच्या गालिच्याला मागून एकेक गाठ दिसते, अन टोकाच्या झालरी म्हणजे ताण्याचेच (मागावरचे उभे) धागे असतात, वरून शिवलेल्या नसतात. तिबेटी पद्धत जरा वेगळी आहे, लोकर ताण्यातून काढत एका आडव्या सळीवर गुंडाळत जातात, ओळ झाली की ठोकून बसवतात अन सळीवरचे फेरे सुरीनं कापतात, तेव्हा ती मऊ लव तयार होते. शेवटी नक्षीच्या कडेनं कात्रीनं कोरतात, तिथं बोट फिरवलं की खाच लागते.

ऑरेंजसिटी_पोट्टा: पण ऑनलाइन तर लय स्वस्त दिसते बे

लोकरवेडी: ते बहुतेक मशीनचे. तिबेटी लोकांचा झोपायचा गालिचा साधारण ३ बाय ६ फुटांचा, चौरस इंचाला ६० गाठी धरल्या तरी दीड लाखाच्या वर गाठी होतात, आता सांगा त्याची मजुरी काय लावायची? पोरं स्वेटरकडे वळली त्यात नवल नाही, मी तरी भाव पाडून मागणार नाही. तुम्हाला आसनाएवढाच पाहिजे तर चौकोनी छोटा घ्या.

ऑरेंजसिटी_पोट्टा: आई म्हणते ड्रॅगनवर बसून पूजा करणार नाही 😄

झाडीपट्टी_७२: कमळाचा घे मग, त्यांच्यात कमळ पण असते