पिंटो बीन्स आणि बिडाच्या तव्यातला कॉर्नब्रेड: या, अनुभव सांगा

चुलीपाशी
दुकानात पिंटोची (ठिपक्यांच्या राजम्याची) पिशवी दिसली आणि अमेरिकेतल्या टेनेसीची थंडी आठवली. आठवणींचं राहू दे, कृती घ्या. तिकडच्या डोंगराळ भागात याला सूप बीन्स म्हणतात.

१ पौंड (४५४ ग्रॅम) पिंटो निवडून घ्या, खडे हमखास निघतात. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, लिटरमागे साधारण १५ ग्रॅम मीठ. सकाळी ते पाणी ओता, बीन्स धुवा, ताजं पाणी वर दोन पेरं येईल इतकं घाला. एक कांदा अख्खाच, आणि मांस खाणाऱ्यांसाठी धुरावलेला हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या पायाचा सांधा. १० मिनिटं खळखळून उकळलं की आच अगदी बारीक. झाकण तिरकं. दीड ते दोन तास. शेवटी एक पळी बीन्स कडेला चेचून परत ढवळा, रस्सा आपोआप दाटतो. मैदा-बिदा लावायचा नाही.

कॉर्नब्रेडवाल्यांनी, म्हणजे मक्याच्या ब्रेडवाल्यांनी, पुढे या.

तिखटमीठ
मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही ना? आमच्याकडे तरी हेच सांगतात.

चुलीपाशी
उलट आहे. सालीतल्या पेक्टिनला (साल घट्ट ठेवणारा चिकट पदार्थ) कॅल्शियम-मॅग्नेशियम घट्ट धरून असतं. त्याची जागा सोडियम घेतं आणि साल मऊ पडते. दाणे फुटतातही कमी. शिजू देत नाही ते आंबट: टोमॅटो, व्हिनेगर, चिंच, गूळवाली काकवी. ते सगळं दाणा बोटात चेपला जाईपर्यंत लांब ठेवा. हॅम हॉक मात्र खारट असतो, त्यामुळे शिजवायच्या पाण्यात वरून मीठ घालताना आधी चाखा.

अर्धीपळी
तीन तास झाले तरी दाणे कचकचीत असतील तर बहुतेक बीन्स जुने आहेत, नाहीतर पाणी जड आहे. जड पाण्याला पाव चमचा खायचा सोडा चालतो. जास्त घातलात तर साबणासारखी चव आणि लगदा. जुन्या बीन्सना सोडाही पुरत नाही, त्यांची सरळ कुकरला रवानगी करा.

डेन्व्हरकरांनो, तुमच्याकडे उंचीमुळे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा तासभर जास्त धरून चाला. मधे पाणी वाढवायचं तर कढतच.

गॅसबंद
शाकाहारी लोकांनी काय करायचं हो, नुसता कांदा चघळायचा? 😀

पातेलंभर
अहो, धूर हवाय ना? एक मसाला वेलची ठेचून घाला, ती स्वतःच धुरावर वाळवलेली असते. एकच! दोन झाल्या की कापूर खाल्ल्यासारखं लागतं. चेचायच्या आधी शोधून काढा, दाताखाली आली तर जेवणाचं मातेरं. सोबत स्मोक्ड पॅप्रिका १ चमचा, दोन चमचे तेलावर परतून. नाहीतर आपली कोळशाची धुरी: वाटीत निखारा, वर अर्धा चमचा तूप, झाकण गच्च, ३-४ मिनिटं. दहा मिनिटं ठेवलं तर कडवट होतं.

तवा_गरम
आता ब्रेड. १० इंची बिडाचा तवा, ओव्हन ४५० फॅरनहाइट (२३० सेल्सिअस).
मक्याचं भरड पीठ २ कप, बेकिंग पावडर २ चमचे, सोडा अर्धा चमचा, मीठ १ चमचा. वेगळ्या भांड्यात २ अंडी आणि दीड ते पावणेदोन कप बटरमिल्क. रिकामा तवा ओव्हनसोबतच तापत ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत त्यात ३ मोठे चमचे बेकनची चरबी किंवा तूप. लोणी नको, करपतं. मग कोरडं-ओलं एकत्र करा, इडलीच्या पिठाहून सैल, घावनाच्या पिठाहून घट्ट. तवा फिरवून चरबी कडांना लावा, उरलेली पिठात ओता, पीठ तव्यात. चर्रर्र आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर खालचं कवच विसरा, ब्रेडही चिकटणार. २० ते २५ मिनिटं.
झालं की लगेच ताटात उलटा. तव्यात राहिला तर वाफेनं तळ ओला होतो.

नवशिकी_पुणे
ताई, कॉर्नफ्लोअर घेऊन केलं तर चालेल ना?

तवा_गरम
नाही गं! आपल्याकडचं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं स्टार्च, खळ होईल. मक्याचा रवा बघ. नुसतं मक्याचं बारीक पीठ घेतलंस तर विटेसारखा बसतो, म्हणून अर्धा रवा अर्धं पीठ कर. बटरमिल्कऐवजी आपलं पातळ ताक नको, कपामागे पाऊण कप दह्यात पाव कप पाणी घुसळ. अंडं नको असेल तर पाव कप दही जास्त, पण मग कापायच्या आधी दहा मिनिटं थांब, भुगा होतो.

तिकडच्यांनी पिठाच्या पिशवीवर 'सेल्फ रायझिंग' आहे का बघा. त्यात पावडर-मीठ आधीच असतं. परत घातलं की खारट, आणि फुगून मधे खचतो.

साखरवाला
साखर कुठेय?

तवा_गरम
केकमध्ये.

अर्धीपळी
😂 झाली सुरुवात. अमेरिकेच्या दक्षिणेत बिनसाखरेचा, उत्तरेत गोड. पुड्यातल्या जिफी मिक्समध्येही साखर असते. बीन्ससोबत गोड नको हे माझंही मत, रस्सा आधीच सौम्य असतो. त्याला हवा कच्चा कांदा आणि चाऊचाऊ, म्हणजे कोबी-हिरव्या टोमॅटोचं व्हिनेगरमधलं लोणचं.

पातेलंभर
लिंबाचं तिखट लोणचं. विषय संपला.

कुकरच्या_तीन
भारतात पिंटोच्या जवळचा चित्रा राजमा. लाल राजमा घेणार असाल तर भिजवून, पाणी फेकून, आधी निदान १० मिनिटं, खरं तर अर्धा तास खळखळून उकळा. थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. कमी आचेवर त्यातलं लेक्टिन (कच्च्या राजम्यातलं विष) मरत नाही, मग उलट्या आणि पोटदुखी.

गॅसबंद
माझ्या बिडाच्या तव्याला तांबडा गंज आलाय, त्याचं सांगा कुणीतरी. धाग्याचा विषय नाही, माहितीये.

तवा_गरम
तारेच्या घासणीनं गंज काढा, धुवा, गॅसवर खडखडीत वाळवा. तेलाचा हात फिरवा आणि तो कोरड्या फडक्यानं पुसून काढा, फिरवलाच नाही असं वाटेस्तोवर. ओव्हनमध्ये ४५० ला तासभर पालथा. जाड थर राहिला तर चिकट होतो. आणि टोमॅटोवाले बीन्स त्यात ठेवू नका, थर उतरतो, रश्श्याला लोखंडाची चव येते.
टेनेसीत साऊथ पिट्सबर्गला लॉजचा तव्यांचा कारखाना आहे, कंपनी १८९६ सालची. गावात एप्रिल अखेरीस कॉर्नब्रेडचा उत्सवच असतो.

नवशिकी_पुणे
उरलेल्या ब्रेडचं काय करतात? दुसऱ्या दिवशी फार कोरडा पडतो.

चुलीपाशी
ग्लासात कुस्करायचा, वर गार बटरमिल्क, चमच्यानं खायचा. तिकडचा ताक-भाकरीचा काला समज. मीठ-मिरी घाल.

साखरवाला
मी साखर घालणार.