इंग्लंडच्या मध्ययुगीन सनदांवरून राज्यकारभाराची सुरुवात समजून घ्यायची आहे, कुठून सुरू करू?

शोधयात्री: नमस्कार मंडळी. सरकार मुळात उभं कसं राहिलं हे जुन्या सनदा वाचून समजून घ्यायचं आहे. लॅटिन येत नाही. थेट १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून (सरदारांच्या दबावाखाली राजाने दिलेल्या सनदेपासून) सुरुवात करू का?

जुनी_पानं: तिथून नको. तोवर कारभार चांगलाच मुरला होता, भांडण होतं ते त्याला लगाम घालण्याचं. मागे जा. आग्नेय इंग्लंडमधल्या केंटचा राजा ह्लोथहेर याने ६७९ साली रेकल्व्हरच्या मठाला थॅनेटमधली जमीन दिली, ती सनद मूळ रूपात टिकली आहे. अशी छोटी दानपत्रं आधी घ्या. इतिहासकार सॉयरने १९६८ साली केलेल्या सनदांच्या यादीतल्या क्रमांकावरून ती ऑनलाइन सापडतात, बऱ्याच सनदांची इंग्रजी भाषांतरंही आहेत.

सुरुवातीचा देवाधर्माचा मजकूर भराभर वाचा, पण राजाने काय *दिलं नाही* तिथे थांबा. पुढच्या काळातल्या सनदांत जमीन सगळ्या देण्यांतून मोकळी केली असं म्हणतात आणि लगेच तीन गोष्टी राखून ठेवतात: फौजेतली चाकरी, पुलांचं काम, गढ्यांची डागडुजी. जमीन मठाची असो वा सरदाराची, ही तीन कामं सहसा सुटत नाहीत. मला सरकार पहिल्यांदा दिसलं ते इथे.

मग साक्षीदार. इंग्लंडचा राजा ॲथेलस्टन याने ९३४ साली विंचेस्टर इथे दिलेल्या सनदेत वेल्सचा हौवेल उपराजा म्हणून साक्षीला आहे. त्याच वर्षी ॲथेलस्टन स्कॉटलंडवर चालून गेला, म्हणजे दरबारात कोणाला हजर राहावं लागत होतं बघा! एकाच राजाच्या सनदा ओळीने लावून कोण वर सरकलं, कोण गळालं हे टिपून ठेवा.

रानवाट: बनावट सनदांपासून सावध राहा. १२ व्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या मठातही त्या तयार झाल्या. सनदेच्या तारखेआधीच वारलेला बिशप साक्षीला असेल तर संशय घ्यायचा. तरी त्या टाकून देऊ नका. हक्क सांगायला लेखी पुरावा लागतो, इथवर गोष्ट आली होती हे त्यांतूनच कळतं. शिवाय राजा एडवर्ड द कन्फेसरची रिट वाचाच: चार ओळींचा, मोहोर लावलेला हुकूम, शायरच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) सभेला उद्देशून, तोही लोकांच्या भाषेत.

शोधयात्री: मनापासून आभार! ॲथेलस्टनपासून धरतो. मग मॅग्ना कार्टा कधी?

जुनी_पानं: शेवटी, आणि राजा पहिल्या हेन्रीची ११०० ची सनद शेजारी ठेवून. कलम १२ आणि १४ नीट बघा: कर बसवायचा तर राज्याची संमती हवी. १२१६ ला ती पुन्हा जारी झाली तेव्हा ही दोन्ही कलमं गाळली, म्हणून १२२५ ला पुन्हा जारी झालेला मजकूरही सोबत घ्या.