कमांडोचा पाइप: दोष नेहमी क्रोमचाच नसतो

नॉर्टन कमांडो या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलचा नवा घेतलेला एक्झॉस्ट पाइप दोन हिवाळ्यांत गंजला, म्हणजे त्यावरचं क्रोमच फालतू, अशी एकाची तक्रार आहे. अर्धं पटलं. क्रोमचा थर मुळात पातळच असतो, गंज अडवतं ते खालचं निकेल. तिथे कंजूषी झाली की बारीक ठिपके येणारच.

पण सायलेन्सर आतून कुजतो त्याचं काय? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलात, तर ते वाफ होऊन बाहेर पडतच नाही, आतच साचतं. गाडी अर्धा तास तरी पळवा.

नॉर्टन कमांडोत याहून मोठी डोकेदुखी आहे. तिथे पाइप धरणारा पंखेदार नट थेट इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) आट्यांवर बसतो. तो सैल झाला की पाइप थरथरतो आणि नट हळूहळू हेडचे आटे खातो. माझ्या ८५० सीसीच्या कमांडोवर आधी नटाच्या कडेला काजळीची बारीक रेघ दिसली. बोट फिरवलं तर काळं. मी दुर्लक्ष केलं, आणि पाइपच्या दुप्पट खर्च हेडचे आटे नव्याने करण्यात गेला. (बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही.)

आता पाइप आणि हेडमधली नवी गॅस्केट (फट बंद करणारी चकती) घातली की इंजिन चांगलं तापवून, जाड हातमोजे घालून, लांब दांड्याच्या हुक स्पॅनरने (आकडीच्या पान्याने) नट पुन्हा आवळतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर परत एकदा. मागचा सायलेन्सर मात्र ताणून बसवू नका, ब्रॅकेट तिथेच तडकतं.