मदत हवी आहे: एनएमएमएसला मुलांना येतं, पण उत्तरपत्रिकेत उतरत नाही

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. आठवीच्या पटावर 21 मुलं आहेत. एनएमएमएसची (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा) आवेदनपत्रं भरणं चालू आहे, परीक्षा डिसेंबरात. गेली तीन वर्षं आमच्या शाळेचं एकही मूल निवड यादीत आलेलं नाही. पात्र होतात, यादीत येत नाहीत. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून इथे विचारते आहे.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतली आठवीची मुलं बसतात, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. बौद्धिक क्षमता चाचणी 90 गुणांची आणि शालेय क्षमता चाचणी 90 गुणांची, प्रत्येकीला दीड तास. दोन्ही मिळून 40 टक्के म्हणजे 72 गुण पडले की मूल पात्र, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना 32 टक्के. पण शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्तेनं, ठरलेल्या कोट्यातच. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. आमच्या गावात एवढ्या पैशावर मुलीचं शिक्षण टिकतं, ही अतिशयोक्ती नाही.

आता माझी अडचण. गेल्या शनिवारी बौद्धिक क्षमतेचा सराव पेपर घेतला. जिच्यावर माझी सगळी भिस्त आहे त्या मुलीला 90 पैकी 31. माझा विश्वासच बसेना. तिची प्रश्नपत्रिका मागून घेतली. समासात पेन्सिलीनं केलेलं कच्चं काम होतं. संख्यामालिकेतल्या दोन-दोन संख्यांवर कमानी काढून फरक लिहिलेला, आरशातली प्रतिमा शेजारी काढून बघितलेली, नातेसंबंधाच्या प्रश्नाला छोटासा वंशवृक्ष. सगळं बरोबर! मग कळलं. 27 वा प्रश्न ठोकळे मोजायचा होता, तो तिनं सोडला. पण उत्तरपत्रिकेवर 27 ची ओळ मोकळी ठेवली नाही. 28 चं उत्तर 27 वर, 29 चं 28 वर, अशी शेवटपर्यंत एकेक ओळ सरकत गेली. मी उत्तरसूची एक ओळ सरकवून पुन्हा तपासलं, तर 57 गुण. दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मंग हे समदं वायाच गेलं का?"

खऱ्या परीक्षेत पेनानं गोल रंगवायचे असतात, खोडता येत नाही. एकदा ओळ चुकली की तिथेच संपलं. आमच्या मुलांना वर्षभर वहीत उत्तरं लिहायची सवय, गोल रंगवायचा कागद ती परीक्षेच्या तोंडावर बघतात. दुसरं म्हणजे "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" असं विचारलं की पहिलं बरोबर विधान दिसलं की रंगवून मोकळी. तोंडी विचारलं तर अचूक सांगतात. घाई, भीती आणि शेवटपर्यंत न वाचणं, यावर तुम्ही काय उपाय करता?

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापुढे माझं काहीच चालत नाही. 21 पैकी 8 मुलं दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांबरोबर साखर कारखान्यावर जातात. हीही मुलगी त्यात आहे. आईवडिलांचा कोयता (दोघं जोडीनं ऊस तोडतात), मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, धाकट्या भावाला कोपीवर, तिथल्या झोपडीत, सांभाळायला ही. परीक्षा नेमकी ऐन हंगामात. गेल्या वर्षी गावात मागं राहणाऱ्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह सुरू झालं तोवर निम्मी मुलं निघून गेली होती. तेरा वर्षांच्या मुलीला गावात मागं ठेवायची आईला भीती वाटते, आणि ती भीती खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. अशा मुलांची तयारी कुणी करून घेतली आहे का? कशी?

प्रतिसाद (कोल्हापूर जिल्ह्यातला शिक्षक)

ताई, ओळ सरकण्याचा रोग आमच्याकडेही होता. पेपर घेऊन तो जात नाही, रोजच्या सवयीनं जातो. परिपाठानंतर रोज दहाच प्रश्न द्या, पण उत्तरं छापील गोलांच्या कागदावरच घ्या. डाव्या हाताचं बोट प्रश्न क्रमांकावर, उजव्या हातात पेन. प्रश्न सोडला तर आधी प्रश्नपत्रिकेत त्याच्याभोवती मोठा चौकोन काढायचा आणि मगच पुढं जायचं. दर पाच प्रश्नांनी थांबून दोन्हीकडचे क्रमांक जुळतात का बघायचं. सुरुवातीचे पंधरा दिवस मी क्रमांक मोठ्यानं म्हणायला लावतो. वर्गात गलका होतो, होऊ द्या.

"चुकीचे", "नाही", "न बसणारा" या शब्दांखाली आधी रेघ, मग पर्याय वाचायचे. आणि चारही पर्यायांपुढे बारीक बरोबर-चूक अशी खूण केल्याशिवाय गोल रंगवायचा नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत चौकोन केलेल्या एकाही प्रश्नाचे गोल मोकळे सोडायचे नाहीत.

शालेय क्षमतेत विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20. आपण गणितवाले गणितच घोटत बसतो आणि मुलं इतिहास-भूगोलात मार खातात. सातवीची पुस्तकंही काढा. मराठा-कुणबी मुलं पात्र होऊन यादीत आली नाहीत तर सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची वर्षाला 9,600 ची शिष्यवृत्ती आहे, तीही पालकांना सांगा.

प्रतिसाद (एनएमएमएसधारक, ऊसतोड कामगाराचा मुलगा)

मॅडम, मी तुमच्याच भागातला. आमच्या वेळी महिन्याला 500 मिळायचे, 2017 पासून 1000 झाले. परीक्षेच्या दोन दिवस आधी वडिलांनी मला सांगलीकडच्या कारखान्यावरून एसटीत बसवलं, आजीकडे राहिलो, पेपर दिला आणि परत फडावर. सरांनी निघताना वीस प्रश्नपत्रिका बांधून दिल्या होत्या. आठवड्याला एक सोडवायची आणि रविवारी वडिलांच्या फोनवरून उत्तरं सांगायची. चूक निघाली की सर लगेच समजवायचे नाहीत, "पुन्हा बघ आणि सांग" म्हणायचे. कोपीत दिवा नसायचा, ट्रॅक्टर भरताना लाइट चालू असायचा तेवढ्यात वाचायचो.

एक विनंती. आताच मुलांची बँक खाती आणि आधारवरचं नाव तपासून घ्या. माझ्या मित्राची निवड होऊनही नावातल्या एका अक्षरानं पैसे अडकले. आणि दहावीला 60 टक्के लागतात, नाहीतर अकरावीपासून बंद होते (अनुसूचित जाती-जमातीला 55). हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज शाळा सुटल्यावर मुलीच्या घरी जाऊन आले. आईला 48,000 चा हिशेब वर्षावर्षानं मांडून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "पोरीला ठिवते, पण लहानग्याचं काय?" आजी गावातच आहे आणि दोघांनाही रात्री सांभाळायला तयार आहे. भाऊ आमच्याच शाळेत दुसरीत आहे, म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून वसतिगृहाच्या यादीत दोघांचीही नावं घातली. वडील अजून हो म्हणालेले नाहीत, ते परवा बाजारातून परत आले की पुन्हा जाणार आहे. बाकीच्या सात घरीही जाते.

गोलांच्या कागदाच्या 200 झेरॉक्स काढल्या, उद्यापासून दहा प्रश्न सुरू. जी मुलं जातीलच त्यांच्यासाठी वीस पेपरांचे गठ्ठे करते. समाजशास्त्राचे प्रश्न मात्र माझ्याकडे अगदीच कमी आहेत. सातवी-आठवीच्या इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोलाचे बहुपर्यायी प्रश्न कुणी पाठवू शकेल का? दिवाळीच्या आत हवे आहेत, गाड्या पाडव्यानंतर लगेच निघतात.